कुणी पाहिलं नाही, तिलाही आठवत नाही

रात्रीचे दोन वाजून गेले होते. आई पलंगावर उठून बसली होती आणि पांघरुणाची घडी घालत होती. घडी पुरी झाली की मोडायची, पुन्हा घालायला घ्यायची. "मला घरी सोड गं. आई वाट बघत असेल," असं ती मला सातव्यांदा की आठव्यांदा सांगत होती. त्याआधीच्या तीन रात्री मी जेमतेम डोळा लावला होता. मी तिचं मनगट धरलं, नको तितकं घट्ट, आणि म्हणाले, "तुझी आई मेलीय. चाळीस वर्षं झाली तिला जाऊन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कधी? मला कुणी कळवलं कसं नाही?" आणि रडायला लागली. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला जुनी बातमी जुनी नसते, हे मी वाचलं होतं. त्या रात्री ते समोर घडताना पाहिलं. तिची आई त्या क्षणी गेली होती आणि ती बातमी मी दिली होती. दहा-बारा मिनिटं ती रडली. मग हातातल्या पांघरुणाकडे तिचं लक्ष गेलं, तिने उरलेली घडी घातली आणि आडवी झाली. सकाळी तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे पुसट वळ होते. तिने ते दुसऱ्या कुणाचं मनगट असावं तसं निरखून पाहिलं आणि मला विचारलं, "तुला झोप लागली का गं नीट?"

या गोष्टीला आता दीड वर्ष होईल.

मी देव मानत नाही. विशीत तो विश्वास हळूहळू गळून पडला. त्यात कुणाशी भांडण नव्हतं, कडवटपणाही नव्हता. इतकी वर्षं त्यावाचून माझं काही अडलं नाही. पण त्या रात्रीनंतर मला एका प्रश्नाशी बसावं लागलं. तेव्हा खोलीत तिसरं कुणी नव्हतं. वर कुणी बघत होतं असं मी मानत नाही. वळ दोन दिवसांत गेले. जिला दुखवलं तिला काही आठवत नाही, आणि आठवणार नाही. परिणाम म्हणावा असा कसलाच उरला नाही. नीती म्हणजे माणसामाणसांतली तडजोड, लोकलाज किंवा शिक्षेची भीती एवढंच असेल, तर त्या रात्री काहीच झालं नाही असं म्हणावं लागेल. आणि मला ठाऊक आहे की काहीतरी झालं. मी एक वाईट गोष्ट केली. ती वाईट होती हे माझं मत नाही. माझं मत उद्या बदललं तरी ती वाईटच असेल.

मग ते वाईटपण राहतं कुठे?

हे मी फक्त मावशीला सांगितलं. मावशी आईपेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि तिची श्रद्धा श्वासासारखी आहे. तिला ती मिरवावी लागत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुला आतून टोचतंय ना? तोच देव, बाई. तू नाव देऊ नकोस हवं तर." थोड्या वेळाने म्हणाली, "तो बघतो, आणि माफही करतो."

तिच्या दोन्ही वाक्यांचा मी मनापासून विचार केला. दुसऱ्या वाक्याशी मी लगेच अडखळले. माफ करायचं असेल तर ते आईने. मनगट तिचं होतं, रडली ती. जगात कितीही मोठी शक्ती असली, तरी आईच्या वतीने तिने मला माफ का करावं, हे मला उमगेना. पण पहिलं वाक्य इतक्या सहज बाजूला सारता येण्यासारखं नव्हतं. देव नसताना नीती वस्तुनिष्ठ कशी, हाच तर प्रश्न त्यात होता, आणि तो तिने मला उत्तर म्हणून दिला होता.

'वस्तुनिष्ठ' या शब्दाने थोडी भीती वाटते. जणू कुठेतरी नियमांचा दगडी फलक उभा आहे आणि तो कुणीतरी कोरला असला पाहिजे. मला त्याचा साधा अर्थ पुरतो: एखादी गोष्ट चूक असणं हे ती करणाऱ्याच्या, बघणाऱ्याच्या किंवा बहुमताच्या वाटण्यावर अवलंबून नसणं. सगळ्यांनी मिळून ठरवलं तरी जी बरोबर होणार नाही, ती वस्तुनिष्ठपणे चूक. आता गंमत अशी, की या अर्थात देवाचं वाटणंही आलं. चूक ही चूक आहे कारण देवाला ती नापसंत आहे, असं म्हटलं तर ती पुन्हा कुणाच्या तरी पसंतीवरच टेकली. तो कुणीतरी सर्वशक्तिमान आहे, एवढाच फरक.

हा पेच जुना आहे. प्लेटोच्या 'युथिफ्रो' नावाच्या संवादात सॉक्रेटिस तो मांडतो. प्रसंग इसवी सनपूर्व ३९९ चा, सॉक्रेटिसवर खटला भरला गेला त्या वेळचा. पवित्र गोष्ट पवित्र असते म्हणून देवांना प्रिय होते, की देवांना प्रिय असते म्हणून पवित्र ठरते? पहिलं खरं मानलं तर पावित्र्य देवांच्या आधीपासून आहे, देव ते फक्त ओळखतात. दुसरं मानलं तर त्यांना उद्या क्रौर्य प्रिय झालं की क्रौर्य पवित्र. तत्त्वज्ञानाच्या वर्गात एवढंच सांगतात आणि पुढे जातात. मला मात्र त्या संवादातल्या खटल्याची गोष्ट जास्त भिडते. युथिफ्रो स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला आलेला असतो. त्यांच्या शेतावरच्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलेलं असतं. बाप त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकतो आणि याचं आता काय करायचं ते धर्माच्या जाणकाराला विचारायला अथेन्सला माणूस पाठवतो. तो माणूस निरोप घेऊन परतेपर्यंत मजूर भुकेने, थंडीने आणि बेड्यांनी खड्ड्यातच मरतो.

मी ही गोष्ट पुन्हापुन्हा वाचली आहे. खड्ड्यात एक माणूस कुडकुडतोय, आणि त्याला वर काढायचं की नाही हे वरून विचारून घ्यायला कुणीतरी गेलंय. त्या बापाला काय कळलं नाही? त्याला देवांची इच्छा माहीत नव्हती हे खरं, पण जे कळायला हवं होतं ते खड्ड्याच्या काठावरून दिसत होतं.

या पेचावर श्रद्धावंत विचारवंतांचं एक उत्तर आहे आणि ते हलकं नाही. देव मनमानी आज्ञा देत नाही, आणि चांगुलपणा त्याच्या बाहेरही नाही. चांगुलपणा हाच त्याचा स्वभाव आहे, असं ते म्हणतात. मावशीला हे शब्द सुचणार नाहीत, पण तिच्या मनातला देव असाच आहे. मला त्यावर एवढंच विचारावंसं वाटतं: तो दयाळू आहे म्हणून आपण त्याला चांगला म्हणतो ना? म्हणजे दया चांगली हे आपण आधीच ओळखलेलं असतं. ती ओळख त्याच्याकडून उसनी आणलेली नसते. उलट त्याला ओळखायला आपण तीच वापरतो. हाक आली तर ती देवाची की दुसऱ्या कशाची, हे ठरवायला माणसाकडे आणखी कुठली कसोटी आहे?

लहान मुलंसुद्धा हा फरक करतात. लॅरी नुची आणि इलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ख्रिस्ती आणि ज्यू कुटुंबांतल्या मुलांना प्रश्न विचारले होते. त्यांत अतिशय कडक धार्मिक वातावरणात वाढणारी आमिश-मेनोनाइट मुलंही होती. देवाने रविवारी काम करू नका असा नियमच केला नसता तर? मग रविवारी काम करायला हरकत नव्हती, असं बहुतेक मुलांचं म्हणणं. आणि देवाने चोरी करू नका, मारू नका असं सांगितलंच नसतं तर? तरी ते वाईटच. कारण विचारलं तर मुलं ज्याला लागतं, ज्याचं जातं त्याच्याबद्दल बोलत. श्रद्धेच्या पोटात वाढलेल्या मुलाला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

आपल्याकडच्या विचारात तर हा धागा पहिल्यापासून आहे. पूर्वमीमांसा हे वेदांना सर्वोच्च मानणारं दर्शन, तरीही सातव्या शतकातला कुमारिल भट्ट जगाचा कर्ता ईश्वर मानायला नकार देतो. वेद अपौरुषेय, म्हणजे ते कुणीच रचलेले नाहीत, देवानेसुद्धा नाहीत. आणि धर्माचं बंधन खरं आहे ते कुणी बोलल्यामुळे नाही. मीमांसकांचा धर्म म्हणजे माझी नीती नव्हे, त्यातल्या कितीतरी गोष्टी मला पटत नाहीत. पण आज्ञा देणारा नसतानाही बंधन खरं असू शकतं, ही कल्पना परकी किंवा आधुनिक नाही एवढं त्यावरून कळतं. बौद्ध आणि जैन परंपरांनीही सृष्टिकर्त्याशिवाय अहिंसेचा एवढा मोठा विचार उभा केला. आणि तुकोबा, ज्यांचा जीव विठ्ठलात होता, ते पुण्याची व्याख्या करताना परोपकार म्हणतात आणि पापाची करताना परपीडा. ती समजून घ्यायला दुसऱ्याच्या दुःखाशिवाय काही लागत नाही.

इथवर आलं की मला हायसं वाटावं, पण खरी अडचण इथून सुरू होते. ती मावशीने मांडलेली नाही. ती मांडली आहे माझ्याच बाजूच्या लोकांनी.

जे. एल. मॅकी हा पक्का निरीश्वरवादी तत्त्वज्ञ. १९७७ साली त्याने लिहिलं की वस्तुनिष्ठ नीतिमूल्यं अस्तित्वातच नाहीत. असती तर ती विश्वातल्या बाकी कशासारखीही नसणारी, फार विचित्र वस्तू ठरली असती. दगड आहे, पाऊस आहे, वेदना आहे. पण 'करू नकोस' असं म्हणणारं वास्तव कुठल्या दुर्बिणीतून दिसणार? पुढे १९८२ च्या पुस्तकात तर तो कबूल करतो की अशी मूल्यं खरोखर असतील, तर ती सर्वशक्तिमान देवावाचून आपोआप निर्माण होणं जवळजवळ अशक्य वाटतं. म्हणजे एक नास्तिक मावशीच्या वाक्याला अर्धा दुजोरा देतो: मूल्यं असतील तर देव असेल. फक्त तो उलट्या दिशेने जातो आणि म्हणतो, देव नाही, म्हणून मूल्यंही नाहीत.

हे वाचून मी अनेक दिवस अस्वस्थ होते. कारण मॅकी बरोबर असेल तर त्या रात्री मी केलं ते चूक नव्हतं, मला ते फक्त चूक वाटतंय. मी सुटले. पण या सुटकेने मला बरं वाटलं नाही. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणून 'यात वाईट काही नव्हतं' हे वाक्य मी मनात म्हणून पाहिलं, आणि ते जितकं खोटं वाटलं तितकं जगात मला फार कमी वाटलं आहे. भावनेच्या भरात असं वाटतं हे मला मान्य. पण 'विचित्र वस्तू असू शकत नाही' हेही शेवटी एक वाटणंच आहे, आणि त्या दोघांत मला अधिक खात्री कशाची आहे हे मी प्रामाणिकपणे सांगू शकते.

शिवाय वस्तू शोधायला निघणं हीच चूक असावी. डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ साली एक विलक्षण माणूस कल्पिला. त्याला इतर दिवशी वेदना नको असतात, आपल्यासारख्याच. फक्त येणाऱ्या मंगळवारच्या वेदनेची त्याला फिकीर नाही. बुधवारची किरकोळ कळ आणि मंगळवारचा असह्य छळ यांतून निवडायचं असेल तर तो छळ निवडेल, निव्वळ मंगळवार आहे म्हणून. मंगळवार उजाडला की तो आपल्याइतकाच तळमळेल, हे त्यालाही ठाऊक आहे. या माणसाच्या हिशेबात काहीच चूक नाही, त्याची आवड वेगळी आहे, एवढं म्हणून आपल्याला थांबता येतं का? मला येत नाही. वेदना टाळायला वेदना हेच कारण आहे, वार हे कारण नाही, आणि ते तो माणूस नाकारतो म्हणून खोटं ठरत नाही. हे कारण दुर्बिणीतून दिसत नाही. सात ही मूळ संख्या आहे हेही दिसत नाही, आणि ते कुणी ठरवलेलंही नाही.

इथून आईपर्यंतचं अंतर फार नाही. मंगळवारमुळे वेदनेचं वजन कमी होत नसेल, तर ती माझ्याऐवजी पलंगावरच्या दुसऱ्या बाईची आहे म्हणून का कमी व्हावं? ती विसरली म्हणून का कमी व्हावं? त्या बारा मिनिटांत ते दुःख पूर्ण होतं.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० मध्ये बजावून ठेवलं होतं की 'आहे' वरून 'असावं' वर उडी मारता येत नाही. देवाशिवाय नीती नाही म्हणणारे ही गोष्ट आवर्जून सांगतात: निसर्गात नुसतं 'आहे' भरलंय, 'असावं' आणायला वरूनच कुणीतरी हवं. पण 'देवाने आज्ञा दिली आहे' हेही एक 'आहे'च आहे. तिथून 'म्हणून मी पाळावी' इथवर यायचं तर तीच दरी ओलांडावी लागते. देव मानल्याने ती बुजत नाही. आणि उत्क्रांतीचं म्हणाल, तर कळपात राहणाऱ्या प्राण्याला करुणा उपयोगी होती म्हणून ती आपल्यात आली, हे मी मानते. डोळासुद्धा उपयोगी होता म्हणूनच आला. म्हणून डोळ्याला जे दिसतं ते समोर नसतंच, असं कुणी म्हणत नाही.

या सगळ्यात मतभेदांचा मुद्दा मला सर्वांत कमी अडवतो, जरी लोक तोच सर्वांत आधी काढतात. निरनिराळ्या लोकांची नीती निरनिराळी, मग वस्तुनिष्ठ कसली? पण गुलामगिरी बंद झाली तेव्हा आपली आवड बदलली असं आपण म्हणत नाही. आपण म्हणतो, ती आधीही चूकच होती आणि ते कळायला इतका उशीर झाला. उशीर होण्यासाठी काहीतरी तिथे आधीपासून असावं लागतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची गोष्ट मला या संदर्भात फार जवळची वाटते. मसुद्यावर नाना श्रद्धांची आणि अश्रद्ध माणसं बसली होती. 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जागी 'सर्व मानव' हे शब्द यावेत म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या, आणि ते आले. माणूस देवाची प्रतिमा म्हणून निर्माण झाला, असे शब्द पहिल्या कलमात असावेत अशी सूचना ब्राझीलने केली होती. ती मागे घेतली गेली. उरली फक्त विवेकबुद्धी आणि सदसद्विवेक. १० डिसेंबरला ४८ देशांनी बाजूने मत दिलं, ८ तटस्थ राहिले, विरोधात कुणी नव्हतं. फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ जाक मारितँ यांनी त्या काळातलं एक उत्तर नोंदवून ठेवलं आहे: हक्कांवर आमचं एकमत आहे, मात्र 'का' असं कुणी विचारू नये. काहींना यात पोकळपणा दिसतो. मला वाटतं, वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकाच ठिकाणी पोचतात तेव्हा तिथे एखादं ठिकाण असण्याचा संभव वाढतो.

तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. देव गेला की चूक चूकच राहते, पण हिशेब जातो. ज्यांना छळून मारलं आणि ज्यांचं नावही उरलं नाही, त्यांना न्याय कुठे मिळणार? मारणारे अंथरुणात शांतपणे मेले, त्यांचं काय? जर्मन तत्त्वज्ञ कांटने नीतीचा पाया विवेकात शोधला, देवाच्या आज्ञेत नाही. तरीही १७८८ च्या ग्रंथात सदाचार आणि सुख यांची कुठेतरी गाठ पडावी म्हणून त्याने देव गृहीत धरला. मला हा तर्क पटत नाही, पण त्यामागची ओढ मी पूर्णपणे समजू शकते. 'देव नसेल तर सगळं क्षम्य' हे वाक्य मला चुकीचं वाटतं. देव नसेल तर खरी भीती याच्या उलट आहे: काही गोष्टी कायमच्या अक्षम्य राहतात, कारण क्षमा करणारा उरत नाही. मावशीकडे ती जागा आहे. माझ्याकडे नाही. माझी बारा मिनिटं कुठेही जमा झाली नाहीत आणि कुठेही फिटणार नाहीत. हे नुकसान खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. पण दिलासा हवा म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाही.

त्या रात्रीनंतर आई "आई वाट बघत असेल" म्हणाली की मी "आई येतेय" म्हणते. खोटं बोलते. खरं बोलून मी काय केलं होतं, ते मला माहीत आहे. पण "येतेय" म्हटलं की आई दाराकडे बघत बसून राहते, आणि तासभर झोपत नाही. त्यावर मला काही सुचलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मावशी आठ दिवस राहायला आली होती. पहिल्याच रात्री ती मला म्हणाली, "तू झोप, मी बसते." मला शेजारच्या खोलीतून ऐकू येत होतं. दीडच्या सुमाराला आईने तेच सुरू केलं: घरी जायचंय, आई वाट बघत असेल. मी श्वास रोखून पडून होते. मावशी आयुष्यात कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, ते पाप आहे असं ती मानते. तिने क्षणाचाही विचार केला नाही. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "ताई, आई झोपलीय गं. दमलीय आज फार. उठवू नकोस तिला."

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग आई कुजबुजली, "बरं. हळू बोल मग." आणि पलंग करकरला.

मावशी तिच्या घरी परतल्यापासून मी तेच वाक्य म्हणते. आई तोंडावर बोट ठेवते, मान डोलावते, आवाज होणार नाही अशा बेताने आडवी होते.